मान्तोवाचे तलाव आणि बागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हेरोनात राहायला आल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी मान्तोवाला नेते. व्हेनिस आणि फ्लोरेन्स ते स्वतःहून बघून येतातच. मान्तोवा मात्र कुणीतरी हाताला धरून दाखवावं लागतं. आल्या-गेल्यांनी आणि पुढे त्यांच्या ओळखीपाळखीच्यांनी फोनवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मान्तोवा म्हणजे मँटुआच ना? ते नेमकं कुठे आलं?

तेच. इंग्रजीत मँटुआ, इटालियनमध्ये मान्तोवा. लोम्बार्डी प्रांताच्या आग्नेय टोकाला, पो नदीच्या सपाट खोऱ्यात. व्हेरोनाहून रेल्वेने पाऊण-एक तास, मिलानहून सुमारे दोन तास. 1328 ते 1707 एवढा काळ इथे गोंझागा घराण्याची सत्ता होती आणि गावातलं बहुतेक देखणं त्यांनी घडवलेलं. 2008 साली शेजारच्या सब्बिओनेतासोबत हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. स्टेशनवरून जुन्या चौकांपर्यंत रमतगमत चालत जाता येतं. रिक्षा-टॅक्सीची गरज नाही.

गावाला लागून तीन तलाव दिसतात. ते नैसर्गिक आहेत का?

नाहीत. या गावाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. गार्दा सरोवरातून मिंचो नावाची नदी निघते आणि पुढे पो नदीला मिळते. मान्तोवापाशी तिचं पाणी पसरून दलदल व्हायची, पूर यायचे. बाराव्या शतकाच्या शेवटी आल्बेर्तो पितेन्तिनो नावाच्या अभियंत्याने बंधारे घालून या पाण्याला शिस्त लावली. पूर आटोक्यात आला आणि गावाला चारही बाजूंनी पाण्याचा खंदक मिळाला. आपल्याकडे जंजिऱ्याला समुद्राने जे दिलं, ते इथे माणसांनी नदीकडून करवून घेतलं.

तेव्हा तलाव चार होते. लागो सुपेरिओरे म्हणजे वरचा, लागो दि मेझ्झो म्हणजे मधला, लागो इन्फेरिओरे म्हणजे खालचा आणि दक्षिणेला चौथा पायोलो. हा पायोलो अठराव्या शतकात आटवून टाकला, म्हणून आज गाव तीनच बाजूंनी पाण्यात आहे.

‘वरचा’ हे नुसतं नाव नाही. त्याची पातळी बाकी दोघांपेक्षा खरोखरच काही मीटर उंच आहे. वरच्या आणि मधल्या तलावाच्या मध्ये जो पूल आहे तो मुळात बंधारा. पातळीतल्या या फरकावर तिथे बारा पाणचक्क्या चालायच्या आणि प्रत्येकीला येशूच्या एकेका शिष्याचं नाव होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत त्या गेल्या. पुलाचं नाव मात्र अजून ‘पोन्ते देई मुलिनी’, चक्क्यांचा पूल.

माझ्याकडे एकच दिवस आहे. राजवाडे बघू की तलाव?

आधी पाणी, मग राजवाडे. लोक नेमकं उलट करतात. सकाळी उतरले की सरळ राजवाड्याच्या रांगेत, आणि संध्याकाळी गाडी पकडताना डब्याच्या खिडकीतून पाणी दिसलं की हळहळतात.

माझा क्रम असा असतो. सकाळच्या गाडीने पोचून आधी सान जॉर्जोचा पूल ओलांडून पलीकडच्या काठावर जायचं. तिथे पाण्याच्या कडेने काम्पो कानोआ नावाचं मोकळं गवताळ मैदान आहे. तिथे उभं राहून गावाकडे बघायचं. किल्ल्याचे बुरूज, घुमट आणि मनोरे पाण्यातून वर आल्यासारखे दिसतात. सकाळचं ऊन समोरच्या भिंतींवर पडतं, म्हणून रंग नीट दिसतात. संध्याकाळी सूर्य गावाच्या मागे जातो, तेव्हा काळी आकृती तेवढी उरते. दोन्ही वेळा सुंदर, पण फोटो हवेत तर सकाळ सोडू नका. ही दहा-पंधरा मिनिटं दिलीत की नंतर राजवाड्यात शिरताना तो कुणी, कुठे आणि का बांधला हे कुणी सांगावं लागत नाही.

पुलाच्या त्या टोकाला एक छोटी जुनी गढी दिसेल. तिला ‘रोक्का दि स्पाराफुचिले’ म्हणतात. व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’ या ऑपेरातल्या मारेकऱ्याचं हे नाव. त्या ऑपेराची कथा मान्तोवातच घडते.

इटलीत कमळं? हे खरं आहे का?

अगदी खरं. आणि तळ्यात चार-दोन नव्हे, वरच्या तलावात नजर पोचेल तिथपर्यंत. हे आपलंच कमळ, नेलुम्बो न्युसिफेरा, गुलाबी फुलांचं. 1921 साली निसर्गविज्ञान शिकलेल्या एका तरुण स्त्रीने ते इथे लावलं. त्याचे कंद खाण्याच्या उपयोगाचे आहेत का, हे तिला बघायचं होतं. आपल्याकडे कमळकाकडी बाजारात मिळते, त्यामुळे आपल्याला ही कल्पना अजिबात विचित्र वाटत नाही. इटालियन स्वयंपाकघरात ती रुजली नाही, पण कमळ रुजलं. इतकं, की आता दरवर्षी ते कापून आवरावं लागतं. नाहीतर ते पाणी झाकून टाकतं आणि खालच्या स्थानिक वनस्पतींना ऊन मिळत नाही.

फुलायचा काळ जुलै आणि ऑगस्ट. फूल सकाळी उमलतं, दुपारनंतर मिटू लागतं आणि तीन-चार दिवसांत पाकळ्या गळतात. म्हणून नाव सकाळची घ्या. दुपारी चारला जाऊन ‘फुलंच नव्हती’ म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. पानं पाण्यापासून हातभर, काही ठिकाणी त्याहून उंच उभी असतात. नावेत बसलं की दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती होतात.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा या कमळांमध्ये नाव शिरल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, इथे तर महालक्ष्मीला रोज वाहता येतील.” तोडू मात्र नका. हा संरक्षित भाग आहे.

याच तलावांत आणखी एक ओळखीची वनस्पती सापडेल, शिंगाडा. आपल्याकडच्या शिंगाड्याला दोन शिंगं असतात, इथल्याला चार. उपवासाच्या दिवशी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा खाऊन निघालेल्या माणसाला इथे पाण्यावर पसरलेले त्याचे हिरवे चकते बघताना जी गंमत वाटेल, ती कुठल्याच पर्यटन-पुस्तकात लिहिलेली नाही.

नावेची फेरी कुठून मिळते? कोणती घ्यावी?

मोठ्या, छपराच्या मोटरबोटी सान जॉर्जोच्या पुलाजवळून सुटतात. त्या मधल्या आणि खालच्या तलावात फिरवतात. काही पुढे मिंचोवरून पो नदीच्या दिशेनेही जातात. पण मघाशी सांगितलेला बंधारा आठवा, कमळं त्याच्या पलीकडे आहेत. तिकीट काढताना ‘ही फेरी लागो सुपेरिओरेची आहे ना?’ एवढं नक्की विचारा. नाहीतर गावाचं सुंदर दर्शन होईल आणि कमळ एकही दिसणार नाही.

मला स्वतःला मोठ्या बोटीपेक्षा तलावाच्या वरच्या अंगाच्या ग्राझिए गावातून निघणाऱ्या लहान, सपाट बुडाच्या नावा आवडतात. तिथले नावाडी वेतासारख्या उंच बोरूच्या बेटांमधल्या अरुंद पाणवाटांनी नेतात. जांभळा बगळा, पाणकावळे, हंस दिसतात. नशीब असेल तर निळी रेघ ओढल्यासारखा खंड्याही दिसतो. आपल्या ओढ्याकाठी दिसतो तो छोटा खंड्याच, जातही तीच.

तलावात पोहता येतं का?

नाही. तिन्ही तलावांत पोहायला बंदी आहे. प्रवाह संथ, तळाशी गाळ. खालच्या तलावाकाठी तर विसाव्या शतकात मोठा रसायन-उद्योग उभा राहिला. तो परिसर आज इटलीच्या राष्ट्रीय स्तरावर शुद्धीकरण करायच्या जागांच्या यादीत आहे. राजवाड्याचे फोटो काढताना एका बाजूला कारखान्याच्या चिमण्याही चौकटीत येतात. मी त्या पाहुण्यांपासून लपवत नाही. पाणी राखणं किती अवघड आहे हे त्याही सांगतात. पोहायचंच असेल तर गार्दा सरोवर जवळ आहे, तिकडे जा.

‘पालाझ्झो ते’ हा राजवाडा आहे की बाग? तिकीट काढण्याजोगा आहे का?

दोन्ही आहे, आणि नक्की काढा. फेदेरिको दुसरा गोंझागा याच्यासाठी वास्तुकार जुलिओ रोमानोने 1525 ते 1535 या दहा वर्षांत बांधलेला हा उन्हाळी विसावा. ‘ते’ हे तेव्हा बेट होतं आणि गोंझागांचे घोडे तिथे पाळले जायचे. म्हणून एका दालनात भिंतींवर खऱ्या मापाचे घोडे रंगवलेत. मघाचा चौथा तलाव आटल्यावर बेटाची जमीन झाली. आज आपण गावातून सरळ चालत तिथे पोचतो आणि आपण पाणी ओलांडलं हे कळतही नाही.

राक्षसांच्या दालनासाठी लोक येतात. त्यात भिंत आणि छत यांच्यातली सीमाच पुसलेली आहे, सगळं अंगावर कोसळतंय असं वाटतं. ते बघून झालं की घाईने बाहेर पडू नका. मागच्या बाजूला मत्स्यकुंडं आहेत, त्यांच्यावरून छोटा पूल जातो. पलीकडे बाग, आणि बागेच्या शेवटी सतराव्या शतकात बांधलेली अर्धवर्तुळाकार कमानींची रांग. एका कोपऱ्यात ‘गुप्त बाग’ आहे. भिंतींनी बंदिस्त, चार पावलांची, शंख-शिंपल्यांनी मढवलेल्या छोट्या गुहेसकट. बहुतेक पर्यटक तिथपर्यंत पोचत नाहीत. थंडगार जागा आहे, जुलैच्या दुपारी मी तिथेच बसते.

राजवाड्याबाहेरच्या ‘ते’च्या मोठ्या उद्यानाला तिकीट नाही. सावली भरपूर आहे, डबा खायला उत्तम.

पालाझ्झो दुकालेच्या आतही बागा आहेत म्हणे?

आहेत, आणि एकाहून एक वेगळ्या. गोंझागांचा हा मुख्य राजवाडा म्हणजे एक वाडा नसून अनेक इमारती, चौक आणि अंगणं जोडत गेलेलं छोटं गावच आहे. त्यात एक बाग पहिल्या मजल्याच्या उंचीवर आहे, कमानींवर तोललेली. दुसरी ‘जार्दिनो देई सेम्प्लिची’. सेम्प्लिची म्हणजे औषधी वनस्पती. 1603 साली फ्लोरेन्सच्या झेनोबिओ बोक्की नावाच्या साधूने ती आखली. आयुर्वेदाची आवड असलेल्यांनी ही चुकवू नये. त्या काळी राजवैद्यकासाठी झाडपाला कसा मांडून लावत, याची कल्पना येते.

एक सावधगिरी. बागा कधी खुल्या, कधी डागडुजीसाठी बंद असतात. तिकीट काढतानाच विचारा. चित्रकार मान्तेन्याने 1465 ते 1474 मध्ये रंगवलेली प्रसिद्ध खोली, कामेरा देल्यी स्पोझी, याच संकुलातल्या किल्ल्यात आहे. तिच्यासाठी वेळ ठरवून आरक्षण केलेलं बरं. सोमवारी हा राजवाडा बंद असतो.

पैसे न मोजता बसता येईल अशा बागा?

पियाझ्झा व्हिर्जिलियाना. मोठमोठी झाडं, बाक, मध्ये पायवाटा आणि एका टोकाला व्हर्जिलचं संगमरवरी स्मारक, 1927 सालचं. रोमन कवी व्हर्जिल इसवी सनापूर्वी 70 मध्ये याच परिसरात जन्मला. मिंचोच्या काठचे बोरू त्याच्या कवितेत आहेत. ही बाग जिथे आहे तिथे पूर्वी तलावाची खाडी आत शिरलेली होती. ती बुजवली आणि 1800 च्या सुमारास, फ्रेंचांच्या अमलात, तिथे झाडं लावून चौक आखला. म्हणजे बाकावर बसलात तरी तुम्ही जुन्या पाण्यावरच बसलेले असता.

तिथून पाच मिनिटांत मधल्या तलावाचा काठ. गावातले लोक संध्याकाळी पाय मोकळे करायला इथेच येतात.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का?

चढ अजिबात नाही, हा मोठा दिलासा. त्रास होतो तो जुन्या गावातल्या गोट्यांच्या फरसबंदीचा. नदीतले गोल दगड बसवलेले रस्ते आहेत, त्यांवर पाय मुरगळतो आणि चाकाची खुर्ची अडते. म्हणून जाड तळव्याचे बूट घाला आणि शक्य तिथे कडेच्या सपाट फरशीवरून चाला. तलावाकाठची वाट सपाट आहे, तिथे काही अडचण नाही. राजवाड्यात मात्र चालणं खूप होतं. त्यांना एकच दाखवायचा असेल तर पालाझ्झो ते दाखवा, तो बराचसा एका मजल्यावर आटोपतो.

गाडीने येणाऱ्यांनी जुन्या गावात गाडी घालू नये. वाहतूक-मर्यादित क्षेत्राच्या कॅमेऱ्यात नंबर टिपला जातो आणि दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं.

लहान मुलं कंटाळतील का?

राजवाड्यात कंटाळतील, काठावर नाही. मधल्या तलावाकाठी झोपाळे-घसरगुंड्या आहेत आणि उघड्यावरचं विज्ञान उद्यानही आहे. तिथली उपकरणं हाताळून बघता येतात. बदकांना ब्रेड घालू देऊ नका. त्याने ती आजारी पडतात आणि पाणीही खराब होतं.

कोणता महिना चांगला? डास फार असतात असं ऐकलं.

खरं ऐकलंत. तीन तलाव, पलीकडे दलदल आणि पो खोऱ्यातला दमट उन्हाळा. जून ते सप्टेंबर संध्याकाळी डास फोडून काढतात. पूर्ण बाह्या, पायघोळ विजार आणि अंगाला लावायचं मलम घेऊनच या. कमळांसाठी जुलै-ऑगस्ट सहन करावा लागतो, त्याला इलाज नाही. पण पहाटेच बाहेर पडून सकाळी अकराच्या आत काठ सोडायचा.

कमळांचा हट्ट नसेल तर एप्रिल-मे. सप्टेंबरही छान, मात्र त्या महिन्यात 1997 पासून दरवर्षी इथे मोठा साहित्य महोत्सव भरतो. त्या चार-पाच दिवसांत खोल्या मिळणं कठीण. नोव्हेंबरपासून धुकं येतं. कधीकधी पुलावरून गावच दिसत नाही. मला ते दिवसही आवडतात, पण पहिल्यांदा येणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

ग्राझिएला मुद्दाम जावं का?

जावं. मान्तोवापासून काही किलोमीटरवर, तलावाच्या वरच्या अंगाला. 1399 मध्ये, प्लेगमधून सुटका झाल्याबद्दल फ्रान्चेस्को पहिला गोंझागा याने इथे मारियाचं देवालय बांधायला घेतलं. आत मान वर करून बघा. छताला खरी, पेंढा भरलेली मगर टांगलेली आहे. भिंतींवर नवस फेडणाऱ्यांच्या आठवणी म्हणून मांडलेले पुतळे आहेत. नवसाला घंटा बांधणाऱ्या आपल्या लोकांना यात काही नवल वाटणार नाही.

सगळ्यात सुंदर दिवस 15 ऑगस्टचा. देवळासमोरच्या पटांगणात दूरदूरचे चित्रकार जमतात आणि जमिनीवर रंगीत खडूंनी देवीची मोठमोठी चित्रं काढतात. या स्पर्धेची सुरुवात 1973 ची. चौदा तारखेला काम सुरू होतं, रात्रभर चालतं. गुडघ्यावर बसून, हाताच्या तळव्याने रंग पुसत काढणारी माणसं बघताना गालिचा-रांगोळी घालणाऱ्या आपल्या बायका डोळ्यांसमोर येतात. आणि पाऊस आला तर सगळं वाहून जाणार, हेही दोन्हीकडे सारखंच. गर्दी प्रचंड असते. शक्य असेल तर चौदाच्या रात्री जा.

सायकलने फिरता येईल?

फिरायलाच हवं. तलावांच्या काठाकाठाने वाटा आहेत. दम असेल तर गार्दा सरोवराच्या टोकाला असलेल्या पेस्किएराहून मान्तोवापर्यंत मिंचोच्या काठाने सायकलवाट येते. अंतर अदमासे 45 किलोमीटर, बहुतेक सपाट. वाटेत बोर्गेत्तोच्या जुन्या पाणचक्क्या लागतात. गोइतोजवळ पांढऱ्या करकोच्यांना परत वसवणारं केंद्रही आहे, तिथे थोडं थांबा. परतीसाठी रेल्वेत सायकल नेता येते. गाडीवर सायकलचं चिन्ह हवं आणि सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं.

जवळपास जंगल आहे का?

बोस्को फोंताना. गावापासून उत्तरेला साधारण पाच किलोमीटर, 233 हेक्टर. पो खोऱ्यातलं सपाटीवरचं मूळ जंगल शेतीने जवळजवळ संपवलं, त्यातला हा उरलेला तुकडा. गोंझागांनी शिकारीसाठी राखला म्हणून वाचला. मध्ये त्यांचा छोटा शिकारवाडा आहे. ओक आणि हॉर्नबीमची दाट सावली, सरळ पायवाटा. वेळ असेल तर अर्धा दिवस द्या.

शाकाहारी माणसाने काय खावं?

तोर्तेल्ली दि झुक्का. लाल भोपळ्याचं सारण, त्यात बदामाची कडसर बिस्किटं, फळांचा मोहरीतला तिखट-गोड मुरंबा आणि चीज, वर लोणी आणि सेजची पानं. गोडसर लागतं. पहिला घास घेताच आमच्या आत्यांना भोपळ्याचे घारगे आठवले. पारीत अंडं असतं, आणि इथल्या ग्राना पादानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. कडक शाकाहारींनी हे आधीच समजून घ्यावं. कुठे कुठे वर खारवलेलं डुकराचं मांस टाकतात, म्हणून ‘सेन्झा कार्ने’, बिनमांसाचं, असं स्पष्ट सांगा. ‘रिझोत्तो आला पिलोता’ नावावरून निरुपद्रवी वाटतो, पण त्यात डुकराचं मांस असतंच.

गोडात स्ब्रिझोलोना, मक्याचं पीठ आणि बदामांचा कडक, हातानेच तोडायचा केक. काही ठिकाणी त्यात चरबी घालतात. ‘स्त्रुत्तो आहे का?’ एवढं विचारायचं.

घरचं जेवण फारच आठवलं तर या भागात पंजाबी कुटुंबं बरीच आहेत. इथल्या गोठ्यांमध्ये कित्येक वर्षं त्यांनी काम केलंय. त्यामुळे मसाले, डाळी, कणिक मिळते.

तिथल्या कमळाचं बी घरच्या कुंडीत लावायला आणता येईल का?

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो आणि उत्तर नाही असंच आहे. संरक्षित भागातून काहीही उचलायचं नाही. शिवाय भारतात बी आणताना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि परवाना लागतो. कमळ तेच आहे. कंद जवळच्या नर्सरीत मागा, पसरट टबात चिकणमाती घालून लावा आणि दिवसाचं निदान सहा तास ऊन लागेल अशा जागी ठेवा.